चाळीस पटींची दुर्बीण

नवशिक्यानं रायफलीवर कोणती दुर्बीण बसवावी, हा प्रश्न मी कायमचा निकालात काढला होता! लोकांनी उगाच त्याला मतांचा विषय करून ठेवलाय. अहो, भिंग आलं म्हणजे प्रकाश आला, प्रकाश आला म्हणजे कोन आले, आणि कोन आले म्हणजे मी आले! भौतिकशास्त्राची पदवी आहे माझ्याकडे. त्यात प्रकाशशास्त्र खास विषय. आता मोंटाना राज्यातल्या आमच्या लोन वेल गावात प्रकाशशास्त्राला गिऱ्हाईक नाही, म्हणून मी लोकांच्या विहिरींचं पाणी तपासते, ही गोष्ट वेगळी.

माझं हे ज्ञान कामी आलं ते व्हर्ना आत्यामुळे.

आत्याचं गावात हॉटेल आहे. गावातलं एकमेव. रविवारी मीही तिथं ताटं वाढते. आणि गावात एक रिवाज आहे. उन्हाळ्यात नेमबाजी क्लबाची जोड्यांची स्पर्धा होते, आणि जिंकणाऱ्या जोडीच्या म्होरक्याचं नाव आत्याच्या हॉटेलातल्या रविवारच्या स्टेकला, म्हणजे मांसाच्या भाजलेल्या जाड तुकड्याला, वर्षभर द्यायचं. फळ्यावर, खडूनं, ठळक अक्षरांत. हा रिवाज आत्यानंच सुरू केला. तेव्हा तिला काय माहीत, की पुढची सात वर्षं तो फळा एकाच माणसाचं नाव मिरवणार आहे! आणि तो माणूस म्हणजे ड्वेन काका. आत्याचा घटस्फोटित नवरा.

सात वर्षं आत्या दर रविवारी सकाळी खडू उचलते, दात आवळते आणि 'ड्वेन स्पेशल' असं लिहिते. वर गिऱ्हाइकांची मस्करी असतेच.

"व्हर्ना, दोन ड्वेन दे गं! एक चांगला खरपूस भाजून!"

"भाजायचा तेव्हाच राहून गेला," आत्या आतून ओरडते, "आता रविवारचा रविवार भाजतेय!"

ड्वेन काका स्वतःही येतात. कोपऱ्यातल्या टेबलावर बसतात, टोपी काढतात आणि अत्यंत नम्रपणे म्हणतात, "एक मी द्या."

तेव्हा आत्याच्या हातातला झारा बघण्यासारखा होतो.

आता आत्याचा नेम वाईट आहे असं मुळीच नाही. दहा गोळ्यांत तिची जेमतेम एखादी चुकते. पण स्पर्धा जोडीची. एक मुरलेला नेमबाज, एक नवखा. नवखा म्हणजे ज्यानं ही स्पर्धा एकदाही जिंकलेली नाही असा. आत्या फळ्याचा रिवाज सुरू होण्याआधी एकदा जिंकलेली, म्हणून ती मुरलेल्यांत. आणि आत्याच्या वाट्याला दरवर्षी असे नवखे आले, की त्यांच्या गोळ्यांपासून डोंगर तेवढा सुरक्षित नव्हता. नेमाची तबकडी मात्र अगदी सुखरूप!

"सिगी," यंदा आत्या माझ्यासमोर हकलबेरीच्या पाईचा, म्हणजे रानफळं भरून भाजलेल्या गोड पोळीचा, मोठा तुकडा ठेवत म्हणाली. माझं नाव सिग्रिड, पण काम असलं की मी सिगी होते. "पोरी, तू शिकलेली आहेस. तुझा हात स्थिर आहे. यंदा तू माझी जोडीदार. मला एकदा, फक्त एकदा, त्या फळ्यावर माझं नाव लिहायचंय."

हकलबेरीची पाई तोंडात असताना आमच्या घराण्यात कोणी नाही म्हटल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

रायफल आत्यानं दिली. दुर्बीण निवडायचं काम माझ्याकडे आलं. आणि ही बातमी हॉटेलात फुटली मात्र, सगळी टेबलं एकदम तज्ज्ञ झाली! आमच्याकडे कोन मोजायची दोन मापं चालतात, मिल आणि मिनिट. खिडकीकडच्या टेबलांवरचे म्हातारे मिनिटवाले, दाराकडचे तरुण मिलवाले. दोघांत इतकं वाकडं, की मीठसुद्धा एकमेकांकडून मागत नाहीत.

"मिनिटात घे, पोरी! माझ्या बापानं मिनिटात हरीण मारलं!"

"आणि तासाभरानं सापडलं ते!" दाराकडून उत्तर आलं.

मी सगळ्यांना शांतपणे समजावलं, की माप कोणतंही घ्या, पण काचेतल्या फुलीवरच्या खुणा आणि नेम सरकवायचा वरचा नॉब, दोघांचं माप एकच हवं. नाहीतर डोळा एक भाषा बोलतो आणि बोटं दुसरी. शिवाय आकार लहान-मोठा केला तरी खुणांचं माप बदलता कामा नये, आणि नॉब फिरवून परत आणला की बरोबर शून्यावर थांबायला हवा. हे सगळं मी अचूक सांगितलं. आजही त्यातला एक शब्द मागे घेणार नाही!

राहता राहिला प्रश्न पटींचा. ते गणित तर पोरखेळ होतं. तबकडी जितकी मोठी दिसेल, तितकी चूक लहान. म्हणजे पटी जितक्या जास्त, तितकं बरं. इति सिद्धम्!

दुकानदार लेस्टर यानं तर माझ्या गणिताला टाळीच दिली.

"चाळीस पटींची घे! चंद्रावरचे खड्डे दिसतात!"

"मला चंद्रावर नेम नाही धरायचा, लेस्टर."

"पण समज, धरायचा झाला तर?"

मी चाळीस पटींची घेतली. लांबी एवढी, की गाडीत तिला पुढच्या सीटवर बसवून पट्टा बांधावा लागला.

आत्यानं खोकं उघडलं आणि कपाळाला हात लावला. "अगं, ही दुर्बीण आहे की धुराडं? माझी दहा पटींची आहे, तिच्यात सगळा डोंगर मावतो."

"आत्या, डोंगराला गुण नसतात. गुण तबकडीला असतात."

"परत कर."

"एकदा बघ तरी!"

नुसती दुर्बीण उचलून मी आत्याला स्वयंपाकघराच्या खिडकीशी नेलं, दुर्बीण पिठाच्या पोत्यावर टेकवली आणि कुरणापलीकडे रोखून दिली. आत्यानं नाखुशीनं एक डोळा मिटला. मग दुर्बीण दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"आत्या? काय दिसतंय?"

"ड्वेनचं घर." तिचा आवाज एकदम हळू आला. "मेल्यानं नवे पडदे लावलेत! पिवळे! मी वीस वर्षं पिवळे पडदे मागत होते... अगं, आणि हा व्हरांड्यात बसून काय खातोय? हे बाजारचं बिस्किट आहे की कुणी घरी करून दिलंय? सिगी, अजून जरा मोठं होतं का गं हे?"

चाळीसाच्या पुढे काही होत नव्हतं. पण दुर्बीण परत करायचा विषय तिथंच संपला.

तेवढ्यात आत्या किंचाळून मागे सरकली. "तो माझ्याकडे बघून टोपी हलवतोय!"

साहजिकच होतं. उन्हात एवढं भिंग म्हणजे खिडकीत दुसरा सूर्य उगवल्यासारखं दिसत असणार.

सरावाला आम्ही क्लबाच्या मैदानात गेलो. सहाशे यार्डांवर, डोंगराच्या पायथ्याशी, सरावाची एकच पांढरी तबकडी टांगलेली होती. आधी ती काही केल्या सापडेना. गवत दिसलं, दगड दिसला, दगडावरचा टोळ दिसला, टोळाच्या चेहऱ्यावरचे भाव दिसले! पण एकदा सापडली, आणि मग काय सांगू! थाळीएवढी तबकडी ढोलाएवढी झाली. वारा मोजला, नॉब फिरवला, श्वास सोडला. टण्! पुन्हा टण्! आत्या आनंदानं माझ्या पाठीवर थापा मारत सुटली.

"पण बाई गं," ती म्हणाली, "आधी पटी कमी कर, जागा बघ, मग वाढव. स्पर्धेत ओळीनं तबकड्या असतात."

"आत्या, ज्यांना खात्री नसते त्यांनी कमी करावं."

हे वाक्य मी खरंच उच्चारलं. साक्षीदार आहेत.

स्पर्धेच्या दिवशी अख्खं गाव आलं होतं. पांढऱ्या तबकड्या ओळीत टांगल्या होत्या. प्रत्येक जोडीची एक. खाली जमिनीलगत क्रमांकाची पाटी. आमची तीन नंबर, तिला लागून चार नंबर, ड्वेन काकांची.

आता इथले दोन नियम सांगितले पाहिजेत. पहिला आत्यानं क्लबाच्या सभेत भांडून करून घेतलेला. पूर्वी "लागली", "नाही लागली" यावरून तिचे आणि काकांचे गळे सुकायचे. म्हणून तिनं प्रत्येक तबकडीवर दिवा बसवायला लावला. गोळी लागली की दिवा लुकलुकतो. दिवा लागला, गुण लागला, ज्याची तबकडी त्याचा गुण, पुढे चर्चा नाही! दुसरा नियम काकांनी सूड म्हणून करून घेतलेला. नवखा नेम धरत असताना मुरलेल्या जोडीदारानं मागे उभं राहायचं आणि चकार शब्द काढायचा नाही. खूण केली, बोट दाखवलं, तरी जोडी बाद. आत्याचं तोंड बंद करण्याचा तो एकच कायदेशीर मार्ग होता.

आत्यानं दहात नऊ मारल्या. काकांनीही नऊ. मग काकांचा नवखा आला, गावात नवाच आलेला दातांचा डॉक्टर क्वेंटिन. त्यानं दहात चार मारल्या, आणि उरलेल्या सहांनी डोंगराच्या दाढा काढल्या.

म्हणजे काकांचे तेरा. मला फक्त पाच हव्या होत्या! आत्याच्या डोळ्यांत मला फळा दिसला.

मी आडवी झाले. दुर्बिणीला डोळा लावला. चाळीस पटी. गवत. दगड. गवत. हवा उन्हानं अशी उकळत होती, की सगळं खिरीतून बघितल्यासारखं दिसत होतं. आणि मग, अहाहा! पांढरी, गोल, देखणी तबकडी! काच भरून फक्त तीच. आजूबाजूचं काहीही नाही. खालची क्रमांकाची पाटी? एवढ्या पटींत ती काचेत मावणार कशी!

टण्! दिवा लुकलुकला.

मागे आत्या खोकली.

टण्! आत्या पुन्हा खोकली, जरा मोठ्यानं. बिचारी! सात वर्षांचं दुःख घशात दाटून आलं असणार. टण्! आता ती पाय आपटत होती. आनंद कसा आवरावा माणसानं? चौथ्या गोळीला ती गुणगुणायला लागली, पाचव्याला तिच्या नाकातून किटलीसारखा आवाज आला. शेजारून कुणीतरी गुदमरल्यासारखं हसत होतं. डोळ्याच्या कोपऱ्यातून मला एवढंच दिसलं, की ड्वेन काकांनी तोंडात टोपी कोंबली आहे.

हरताहेत म्हणून रडू दाबताहेत, असं मला वाटलं. मला त्यांची थोडी दयाही आली!

दहाच्या दहा! एकही चुकली नाही. मी उठले, रायफल रिकामी करून ठेवली आणि दोन्ही हात पसरून मागे वळले.

"आत्या! बोल आता! बोलायची परवानगी आहे!"

आत्याचा चेहरा बिटासारखा झाला होता. एवढी बोलकी बाई, पण सगळे शब्द एकदम दाराशी आल्यामुळे एकही बाहेर पडेना.

क्लबाच्या अध्यक्षा मॉडीबाई यांनी कर्णा उचलला. त्या निकाल कसलाही असो, हवामानाच्या बातम्यांसारखाच सांगतात.

"जोडी क्रमांक तीन, व्हर्ना आणि सिग्रिड. वीसपैकी नऊ."

"नऊ?" मी ओरडले. "अहो, माझ्या दहा कुठे गेल्या?"

"जोडी क्रमांक चार, ड्वेन आणि क्वेंटिन," मॉडीबाई जराही न थांबता म्हणाल्या, "वीसपैकी तेवीस."

मैदानात असा हशा उसळला, की कुरणातल्या गायी पळाल्या! विज्ञानाची मी पदवीधर. वीसपैकी तेवीस म्हणजे शंभरात एकशे पंधरा, हा हिशोब माझ्या डोक्यात आपोआप झाला. न होता तर बरं होतं.

ड्वेन काका मात्र सज्जन. डोळे पुसत पुढे आले.

"मॉडी, हे काही बरं नाही. पोरीनं नेम तर उत्तम धरला. त्या दहा व्हर्नाच्या नावावर टाका. त्यांचे एकोणीस, आमचे तेरा. ती जिंकली."

सगळे आत्याकडे बघायला लागले. मी तर तिच्या बाहीला लोंबकळायचीच बाकी होते. "आत्या, हो म्हण! फळा, आत्या! फळा!"

आत्यानं एक मोठा श्वास घेतला. हनुवटी वर केली.

"ड्वेन, तुझी खैरात खाऊन मला स्टेक व्हायचं नाही! दिवा लागला, गुण लागला. नियम माझा आहे. हरले म्हणून मी तो खिशात घालत नाही."

"अगं, पण..."

"चर्चा नाही!"

काकांनी टोपी काढली. या वेळी हसले नाहीत. एवढंच म्हणाले, "याच हट्टापायी मी तुझ्याशी लग्न केलं होतं, व्हर्ना."

"आणि याच हट्टापायी मी ते मोडलं! चल बाजूला हो, मला स्टेक भाजायचेत."

त्या रविवारी आत्यानं खडू उचलला, दात आवळले आणि आठव्या वर्षी 'ड्वेन स्पेशल' लिहिलं. खाली बारीक अक्षरांत 'नेम: सिग्रिड' अशी भर घातली. तेव्हापासून गिऱ्हाइकं माझ्याकडे ताट मागताना शेजारच्या टेबलाकडे बोट दाखवतात आणि म्हणतात, "आमचं ताट तिकडे ने, म्हणजे इकडे येईल!" खिडकीकडचे मिनिटवाले आणि दाराकडचे मिलवाले, आयुष्यात पहिल्यांदाच एका गोष्टीवर एकत्र हसले. गावात एकी माझ्यामुळे झाली, हे कुणी बोलून दाखवत नाही.

दुपारी ड्वेन काका आले. कोपऱ्यात बसले. मी मान खाली घालून त्यांच्यासमोर ताट ठेवलं.

"सिगी, बस जरा," ते हळूच म्हणाले. "तू अजून जिंकलेली नाहीस. म्हणजे नियमानं पुढच्या वर्षीही नवखीच. व्हर्नाची जोडी सोडणार नाहीस ना?"

एवढ्या फजितीनंतरही या माणसाला आत्याची काळजी! "नाही, काका. पण या वेळी साधी दहा पटींची घेईन म्हणते."

काका दचकले. इकडेतिकडे बघितलं. मग खिशातून एक छोटी नवीकोरी पुडी काढून त्यांनी माझ्या हातात कोंबली. आत भिंग पुसायचं मऊ कापड होतं.

"छे छे, तसलं काही करू नकोस!" ते कुजबुजले. "आहे ती फार छान आहे. फक्त काच स्वच्छ ठेवत जा!"