मुद्देमाल : पाणी, अंदाजे पंधरा लिटर

त्या वर्षी दुष्काळ रीतसर जाहीर झाला होता आणि आमच्या गावात पाण्याचे वाटप सहकारी तत्त्वावर चालले होते. म्हणजे टँकर संस्थेचा, संस्था चेअरमन सुंदररावांची आणि सहकार गावाचा. घरटी एका भांड्यावर संस्थेने रंगाने क्रमांक टाकला होता. भांडे रांगेत उभे राही, माणूस सावलीत बसे. बिनक्रमांकाच्या भांड्याला पाणी मिळत नसे.

भिवराबाईची पितळी घागर वडवणीच्या बाजारातली, क्रमांक एकेचाळीस. एका दुपारी टँकर सुंदररावांच्या शेततळ्यावर उभा होता. कशासाठी, हा पुढे खटल्याचा विषय झाला नाही. तोटी गळत होती, भिवराबाईने खाली घागर धरली. मातीत पडणारे पाणी संस्थेच्या दप्तरी गळती होते. घागरीत पडताच तो माल झाला. बाईकडे पावती नव्हती. चोरीचा गुन्हा दाखल झाला. घागरीच्या तोंडावर फडके बांधून, गाठीवर लाख ओतून पोलिसांनी ती पाण्यासकट ठाण्यात नेली.

खालच्या कोर्टाने तीन महिन्यांची शिक्षा दिली. वर अपील झाले, बाई जामिनावर घरी आली. दुसऱ्या भांड्यावर नंबर मागायला गेली, तर सुंदरराव म्हणाले, "तुमचा एकेचाळीस नंबर ठाण्यात हाय. एका घराला दोन नंबर कसे देऊ?"

दुष्काळही अपिलाइतकाच चिवट निघाला. तीन वर्षे ती म्हातारी पातेले डोक्यावर घेऊन कोसभर लांबच्या विहिरीवर जात राहिली. मला ते बघवत नसे. कायद्याने मात्र ती मोकळी होती.

वरच्या कोर्टापुढे लाख फोडली, तेव्हा घागर कोरडी ठणठणीत निघाली. कोर्टाने एकोणीस पानांत नमूद केले, की सील शाबूत होते. त्याअर्थी आत कधी पाणी होते, हे सरकार पक्षाला सिद्ध करता आलेले नाही. भिवराबाई निर्दोष. मुद्देमाल जप्तीच्या वेळी होता त्या स्थितीत परत करावा.

ही शेवटची ओळ गहिनीनाथ हवालदाराच्या वाट्याला आली. ठाण्यातला मुद्देमाल तोच सांभाळी.

"माही घागर द्या, दादा."

"देतो की, मावशी. पण भरलेली जप्त केलती, भरलेलीच द्यावी लागंल. रिकामी दिली तर पानी म्याच पेलो असं व्हतंय."

"मंग भरा."

"ठाण्यात कुठलं आलंय पानी? तुमीच आना."

"कशात आनू?"

याचे उत्तर एकोणीस पानांत नव्हते.

गहिनीनाथ मनाने चांगला. त्याने बाईला घागरीसकट मोटारसायकलवर बसवले आणि पाणी शोधत शेततळ्यावर आणले. टँकर उभाच होता, तोटी गळतच होती. घागर काठोकाठ भरली, बाईने कागदावर अंगठा उठवला आणि तीन वर्षांनी आपली घागर कमरेवर घेतली. तेवढ्यात सुंदरराव आले.

"पावती?" त्यांनी विचारले.

तासाभरात ठाण्याचे साहेब आले. नवा पंचनामा झाला, या वेळी आरोपी दोन. मुद्देमालाचे काम गहिनीनाथकडेच असल्यामुळे फडकेही त्यालाच बांधावे लागले.

"सैल बांध, लेकरा," भिवराबाई त्याला म्हणाली. "कावून घट्ट आवळतोस? वाळाया येळ लागतोय."

तुमच्याही हाताशी आत्ता पाण्याचा तांब्या असेल. त्याची पावती शोधून ठेवा. सापडली नाही, तर तांब्यावर झाकण ठेवू नका.