परबकाकांची पाचशे वाक्यं

"हा बटाटा हसतो कशाला?"

हेडफोनमध्ये परबकाकांचा आवाज आला आणि मी मान वर केली. काचेच्या पलीकडे, माइकसमोर, ते कागदाकडे संशयाने बघत होते. वाक्य क्रमांक एक्केचाळीस: 'निळ्या टेबलावर बटाटा हसतो.'

"काका, नुसतं वाचायचंय," मी बटण दाबून म्हटलं.

"नुसतं कसं वाचू? हसतो म्हणजे कुणाला तरी हसतो. चाळीसमध्ये मावशी जिन्यावरून पडलीय. तिला हसतो काय हा?"

"त्या दोघांचा काही संबंध नाहीये."

"एकाखाली एक राहतात आणि संबंध नाही? मग आमच्या टॉवरमधली दिसतात."

परबकाका मुलुंडला राहतात. एका औषधांच्या कारखान्यात स्टोअरकीपर होते आणि कामगारांच्या नाट्यस्पर्धांत कामं करायचे. निवृत्त झाल्यावर आमच्या अंधेरीच्या स्टुडिओत मराठी ऑडिओबुकं वाचायला लागले. मी ती एडिट करते. म्हणजे खोकला, पाण्याचा घोट, चुकलेला शब्द, सगळं कापते. गेली दोन वर्षं तासन्तास त्यांचा आवाज माझ्या कानात आहे. समोरासमोर मात्र मी फार बोलत नाही. मी बोरिवलीच्या इंग्लिश मीडियमची. माझं मराठी वाक्य जुळेपर्यंत समोरचा माणूस निघून गेलेला असतो. डोळ्यांनी मी एकही मराठी पुस्तक पूर्ण वाचलेलं नाही. कानांनी एकतीस वाचलीत. सगळी काकांची.

तो बटाटा का हसत होता हे मला माहीत होतं, काकांना नव्हतं. अशी पाचशे वाक्यं त्यांच्याकडून वाचून घेतली की कॉम्प्युटर त्यांचा आवाज शिकणार होता. मग कुठलंही पुस्तक टाका, तो काकांच्या आवाजात ते वाचणार. काकांना वाटत होतं ही परीक्षा आहे. आमचा प्रोड्यूसर सिद्धेश मला म्हणाला होता, "त्यांना जास्त एक्स्प्लेन नको करत बसू यार, उगाच टेन्शन घेतील. शुक्रवारी कन्सेंट फॉर्मवर सही झाली की बघू." मी मान डोलावली. कॉम्प्युटर खोकत नाही, पाणी पीत नाही. मग कापायला काय उरणार, हे मी त्याला विचारलं नाही. घरी जाताना स्वतःलाही विचारलं नाही.

काकांच्या सवयी स्टुडिओत सगळ्यांना पाठ आहेत. ते टॅबलेटवरून वाचत नाहीत. "काचेवर अक्षरं ठरत नाहीत गो, घसरतात." पानं उलटताना आवाज येतो म्हणून ते घरून कपड्यांचे लाकडी चिमटे आणतात, दोरी बांधून अख्खं प्रकरण समोर टांगतात. सिद्धेश त्याला काकांचं वाळवण म्हणतो. दुसरं म्हणजे, जेवणाआधी ते कुठल्याही पात्राला मरू देत नाहीत. "उपाशीपोटी कुणाला मारू नये." एका ऐतिहासिक कादंबरीत पहिल्याच पानावर लढाई होती. त्या दिवशी आम्ही साडेदहाला जेवलो.

मागच्या वर्षी त्यांच्या लिफ्टमध्ये एक बाई त्यांना म्हणाल्या, "काका, मी तुम्हाला ट्रेडमिलवर ऐकते. दीडपट स्पीडला. झकास वाटतं!" काका दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाले, "नवरा गेल्याचं कळल्यावर कादंबरीतली ती बाई बोलत नाही ना, तिथं मी मनात तीन मोजतो. त्या तीनचे आता दोनच झाले काय?"

त्यांनी मग त्यावर उपाय काढला. पुढचं प्रकरण इतकं सावकाश वाचलं की मला वाटलं सॉफ्टवेअर अडकलं.

"दीडपटवाल्यांना आता बरोबर पोचेल," ते म्हणाले.

"आणि नॉर्मल स्पीडवाल्यांची वाट लागली त्याचं काय?" सिद्धेश ओरडला.

"त्यांना वेळ आहे."

पाचशे वाक्यांत काही वाक्यं पाच-पाच प्रकारे वाचायची होती. आनंदाने, रागाने, दुःखाने, घाबरून आणि काहीही न वाटता. काकांचा नेहमीचा प्रश्न तयारच असायचा, "कुणाला सांगायचंय?" कुणाला ते ठरल्याशिवाय त्यांच्या तोंडून शब्द निघत नाही. मी शेजारीण, बॉस, चोर असं काहीही सांगून वेळ मारून नेत होते. गुरुवारी वाक्य आलं, 'दार उघडंच आहे.' आनंदाने झालं, रागाने झालं. घाबरून तर असं वाचलं की मी मागे वळून स्टुडिओचं दार बघितलं. पण 'काहीही न वाटता' काही केल्या जमेना.

"काहीच वाटत नसेल तर माणूस दार उघडं ठेवेल कशाला?" त्यांनी विचारलं.

अकरा वेळा वाचलं. अकराही वेळा काहीतरी वाटलंच. शेवटी मी ते वाक्य सोडून दिलं आणि शीटवर 'झालं' अशी खूण केली. माझ्या नोकरीतली ती पहिली लबाडी.

शुक्रवारी सकाळी ते आले. पहिलं वाक्य नेहमीसारखंच खरखरीत, अडकत निघालं. प्रत्येक दिवसाची सुरुवातीची काही मिनिटं अशीच असतात. दोन वर्षं ती मी कापत आले होते. कफ असेल असं मला वाटायचं. एकदा धीर करून लवंगाही आणून दिल्या होत्या.

"काका, घसा दुखतोय का?"

"घसा कशाला दुखेल? काल इथून गेलो तो तोंड उघडलंच नाही. पूर्वी दूधवाल्याशी दोन शब्द व्हायचे. आता मुलानं मोबाइलवरून मागवायला शिकवलंय, सकाळी दाराला पिशवी लटकते. ही होती तोपर्यंत भांडायला तरी कुणी होतं." ते हसले. "मुलगा करतो ना रविवारी कॅनडातून व्हिडिओ कॉल. ते बोलतात, मी दिसतो. इथं आलो की आधी गंज काढायचा, मग वाचायचं. थांब हां दोन मिनिटं."

दुपारी ते डबा खात होते तेव्हा मी जुन्या, न कापलेल्या फाइल उघडल्या. सुरुवातीला ते आठवड्यातून तीनदा यायचे. तेव्हा आवाज मोकळा व्हायला दोन मिनिटं लागायची. नंतर पुस्तकं कमी झाली, आठवड्यातून एकदा बोलावणं जायला लागलं. पाच मिनिटं. या पावसाळ्यात ते तीन आठवड्यांनी आले होते. नऊ मिनिटं. मी ती नऊ मिनिटं पूर्ण ऐकली. एक माणूस आपलाच आवाज शोधत होता, आणि मी ते सगळं कापून, साफ करून लोकांना पाठवलं होतं. पुढची फाइल नसेलच, तर किती मिनिटं?

चार वाजता पाचशेवं वाक्य झालं. काकांनी एकेक चिमटा काढून पिशवीत टाकला, दोरी गुंडाळली. सिद्धेश फॉर्म घेऊन आला. बारीक इंग्रजी अक्षरांची सहा पानं.

"काका, पास झालात! आता वर्षाला शंभर पुस्तकं तुमच्या आवाजात."

"शंभर?" काकांनी माझ्याकडे बघितलं. इतकं खूश मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. "म्हणजे जवळजवळ रोजच गो! बसचा महिन्याचा पासच काढून टाकतो. सिद्धेश, सकाळचं ठेव हां. संध्याकाळी परत जाताना लिंक रोडला फार वेळ जातो."

सिद्धेश नुसता हसला आणि पेन पुढे केलं. "इथे, आणि मग प्रत्येक पानावर खाली."

काकांनी पेन घेतलं. पहिलं पान जवळ नेलं, लांब नेलं आणि परत टेबलावर ठेवलं.

"इंग्रजी माझ्या बापाला नाही कळायचं. बाय, तू वाचलंयस ना? तू म्हणालीस बरोबर, तर बरोबर."

सिद्धेश माझ्याकडे बघत होता. माझ्या डोक्यात नेहमीसारखं आधी इंग्रजी वाक्य तयार झालं. ते मी जाऊ दिलं. मराठी वाक्य जुळायला वेळ लागला, पण काका पेन धरून थांबून राहिले.

"वाचलंय, काका," मी म्हणाले. "पुस्तकं शंभर होतील. पण त्यासाठी तुम्हाला इथे यायला लागणार नाही."