भुताची झोप

दुपारी सव्वातीनला हॉलमधलं भूत अकराव्यांदा जागं झालं आणि त्याने अशी किंकाळी फोडली, की वरच्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या मावशी हातातली कात्री घेऊनच खाली आल्या.

"काही नाही मावशी, भूत आहे," मुलगी म्हणाली.

मावशींना हायसं वाटलं. त्यांना वाटलं होतं, सिलिंडर.

भूत कॉम्प्युटरच्या पडद्यावर होतं. मुलीने दोन वर्षं खपून, एका जुनाट कॉम्प्युटरवर, एकटीने हा खेळ बनवला होता. ऐपत बेताची, म्हणून चित्रंही बेताची. सगळं जग चौकोनी ठिपक्यांचं, आणि भूत म्हणजे मोजून चाळीस ठिपके. ते आरामखुर्चीत झोपलेलं असतं. आपण स्वयंपाकघरातून निघायचं आणि त्याची झोप न मोडता, कपाटातली किल्ली घेऊन बाहेरचं दार गाठायचं, एवढाच खेळ. पण तो विकायला घेणाऱ्या कंपनीतल्या साहेबांचा सकाळीच फोन आला होता. आमच्याकडच्या सहा जणांत एकालाही हॉल ओलांडता आलेला नाही, म्हणाले. खेळ सुटतो याचं चित्रीकरण पाचपर्यंत पाठवा, नाहीतर राहू द्या. मुलीने स्वतः तो सोडवला होता खरा, पण भुताचे कान तिखट करण्यापूर्वी. आणि दिलेल्या खेळात आता बदल करायचा नाही, अशी कंपनीची अट होती.

बाबा मदतीला धावले. मुलीला याचीच धास्ती होती.

बाबांनी छापखान्यात अठ्ठावीस वर्षं रात्रपाळी केली होती. आता निवृत्त झाले तरी दोन गोष्टींचा अभिमान तेवढाच ताजा होता. एक, मशीनवर बसलेला हात, दुसरी, झोप. भर दुपारी गाढ झोप लागणं ही देवाची देणगी आहे, असं ते भेटेल त्याला सांगत. मी झोपलो की खुशाल उशाशी बँड वाजवा, म्हणत.

त्यांनी चष्मा चढवला, स्वतःच्या घरात चालावं तसे ताडताड निघाले आणि तिसऱ्या पावलाला भुताच्या तोंडी पडले. दुसऱ्या खेपेला कपाटावर आदळले. तिसऱ्या खेपेला, भूत अंगावर येत असताना, पळण्याचं बटण आठवत जागीच उभे राहिले. दर किंकाळीला मावशींची मूठ कात्रीवर आवळली जाई. चौथ्या खेपेला बाबांनी कळफलकावर असा हात आपटला, की मागे जायचं बटण निखळून सोफ्याखाली गेलं. आता फक्त पुढेच जाता येणार होतं.

आई शेंगा सोलत बाहेर आली तेव्हा तिघंही सोफ्याखाली डोकी खुपसून होती. तिने पडद्याकडे पाहिलं.

"हा तर आपला हॉल."

मुलीने डोकं बाहेर काढून पाहिलं. डावीकडे आरामखुर्ची, उजवीकडे कपाट. दोन वर्षांत तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

आईने शेंगांची परात मावशींकडे दिली, हात पुसले आणि बसली. जन्मात तिने असला खेळ खेळला नव्हता.

"तिसऱ्या फरशीवर पाय द्यायचा नाही, ती वाजते," वाण्याची यादी सांगावी तशी ती सांगू लागली. "कपाटाचं दार आधी उचलायचं, मग ओढायचं. घोरणं चढत असलं की थांबायचं, उतरायला लागलं की दोन पावलं. मधेच घोरणं बंद पडलं तर घाबरायचं नाही. कूस बदलतात, उठत नाहीत."

सात मिनिटांत दार उघडलं. मागे एकदाही जावं लागलं नाही. पाचला दहा कमी असताना चित्रीकरण गेलं आणि लगेच साहेबांचं उत्तर आलं, की खेळ घेतला. पण या खेळाडूचा सराव किती वर्षांचा?

"अठ्ठावीस," आई म्हणाली आणि परात परत घेतली.

बाबा भुताकडे बघत होते. चाळीस ठिपक्यांतले सहा तपकिरी ठिपके गळ्याभोवती होते. बाबांचा मफलर तपकिरी होता.

"मी मुद्दाम नाही केलं, बाबा," मुलगी म्हणाली. "खुर्चीतलं भूत म्हटलं की..."

"माझी झोप एवढी हलकी होती?" बाबांनी आईला विचारलं.

"टाचणी पडली तरी उठायचात."

"मग कधी सांगितलं नाहीस?"

"सांगायला उठवावं लागलं असतं."

मुलगी लहानपणी किती शांत होती, रांगायचीसुद्धा बिनआवाजी, याचं बाबा सगळ्यांकडे कौतुक करत. तीही देवाची देणगी, म्हणत. आज पहिल्यांदाच त्यांना वाटलं, देवाला न केलेल्या कामाचं श्रेय गेलं. त्यांनी सोफ्याखाली शिरून बटण तेवढं शोधून काढलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई आरामखुर्चीत लवंडली. बाबांनी स्वतः चहा केला. ती उठेल तेव्हा शेजारी तयार असावा म्हणून कपावर बशी झाकली, चपला काढल्या आणि स्वयंपाकघरातून निघाले. घोरणं चढलं, थांबले. उतरलं, दोन पावलं. पुन्हा थांबले. खुर्ची हाताच्या अंतरावर आली आणि पायाखाली तिसरी फरशी वाजली.

आईने डोळे उघडले नाहीत.

"पकडलं," ती म्हणाली. "पहिल्यापासून."

बाबा कप सांभाळत मुकाट्याने स्वयंपाकघरात गेले आणि पहिल्यापासून निघाले.