आठ चादरी आणि एक उपग्रह

चहाचा कप तोंडाशी नेता नेता ढगोबांचा हात थबकला. लॅपटॉपवर उपग्रहाने टिपलेलं समुद्राचं ताजं चित्र उघडलं होतं. नेमक्या उपग्रह जाण्याच्या वेळेला ढग येत असल्याने महिनाभर काहीच दिसलं नव्हतं. आज आभाळ मोकळं होतं, आणि तपकिरी प्रवाळाच्या मधोमध पांढराशुभ्र डाग होता.

पाणी तापलं की प्रवाळ रंग टाकून पांढरा पडतो आणि पाणी वेळीच निवलं नाही तर मरतो. ते आधी ओळखून इशारा देणं, हीच ढगोबांची नोकरी. त्यांचं खरं नाव ऑफिसात कुणी घेत नसे. गेल्या वर्षी त्यांनी एका ढगालाच पांढरा प्रवाळ समजून इशारा दिला, पर्यटकांच्या बोटी दोन दिवस किनाऱ्याला बांधून राहिल्या आणि त्यांचं नवं बारसं झालं. "पुन्हा असं झालं, तर जुन्या फायलींच्या खोलीत बसायचं," मॅडम तेव्हा अगदी शांतपणे म्हणाल्या होत्या.

म्हणून ढगोबांनी चारदा तपासलं. ढग नव्हता. पाण्याचं तापमानही चढलेलं होतं. त्यांनी इशारा पाठवला आणि मगच चहाचा घोट घेतला. तो गार होता.

"झालं काय एवढं?" बायकोने विचारलं.

"प्रवाळ गेला. बॅडमिंटनच्या अर्ध्या कोर्टाएवढा."

तिने चष्मा लावून डाग न्याहाळला. "ह्याचा एक कोपरा का कमी आहे?"

"निसर्ग आहे तो."

"निसर्ग एवढं सरळ कापतो?" ती ओठ हलवत काहीतरी मोजू लागली. मग खुर्ची ओढून बसली. "अहो, ह्या माझ्या चादरी आहेत."

"काहीतरी बोलू नकोस."

"सात डबल, एक सिंगल. चार-चारच्या दोन ओळी लावा, सिंगलपाशी कोपरा कमीच पडणार. महिन्यापूर्वी माझा भाऊ घेऊन गेला. स्टेशनवर पाहुणे येणार म्हणाला."

तिचा भाऊ समुद्रकाठच्या प्रवाळ-संशोधन स्टेशनवर पाणबुड्या होता. ढगोबांनी त्याला फोन लावला.

"भावजी, तुमचंच पत्र होतं की," पलीकडून आवाज आला. "उपग्रहाचं चित्र पडताळायला प्रवाळाशेजारी वाळूवर पांढरं कापड अंथरा, असं. खाली तुमची सही. कापड मागवलं तर कुणी उत्तर देईना, म्हणून ताईकडून चादरी नेल्या."

ढगोबांना आपली सवय आठवली. शुक्रवारी संध्याकाळी ते समोर येईल त्यावर सही करत, वाचत नसत.

"आणि मला पाहुणे कशाला सांगितलेस?" बायको फोनवर झुकली.

"समुद्रात अंथरायला दिल्या असत्यास? शेवाळ धरू नये म्हणून एक दिवसाआड ब्रशने घासतोय. घरी एवढ्या धुतल्या नसत्या गेल्या."

तेवढ्यात मॅडमचा फोन आला. बोटी थांबवल्या होत्या, वरपर्यंत कळवलं होतं, आणि त्या स्वतः स्टेशनवर निघाल्या होत्या. "तुम्हीही या," एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. ढगोबांच्या तोंडून चादरीतला 'चा'सुद्धा निघाला नाही.

दुपारी स्टेशनच्या बोटीत मॅडम होत्या, ढगोबा होते आणि चादरी ताब्यात घ्यायला आलेली बायको होती. मेहुण्याने पाण्यात बुडी मारली, तेव्हा ढगोबांना राहवलं नाही.

"मॅडम, खाली चादरी आहेत."

मॅडमनी पाण्यात डोकावून पाहिलं. "कुणाच्या?"

"माझ्या," बायको म्हणाली.

ढगोबांना जुन्या फायलींचा वास येऊ लागला.

मेहुणा वर आला, तो काखेत ओल्या चादरी घेऊन. गठ्ठा त्याने बहिणीच्या मांडीवर टाकला, पण त्याचा चेहरा उतरला होता. "वाळू कापड गिळते, म्हणून मी खांब ठोकून प्रवाळाच्या वरच ताणल्या होत्या. त्यांच्या सावलीतला प्रवाळ मस्त आहे, चांगला रंगीत." त्याने धाप आवरली. "पण तेवढाच. आजूबाजूचा सगळा फिका पडायला लागलाय. सारखं बघत होतो, म्हणून कळलंच नाही. आज चादरी काढल्यावर फरक दिसला."

ढगोबांनी लॅपटॉप उघडला. डागाभोवतीचा तपकिरी रंग महिन्यापूर्वीच्या चित्रापेक्षा खरोखरच उतरला होता. सकाळपासून ते पांढऱ्याकडेच बघत बसले होते. नोकरी वाचली म्हणून त्यांना हायसं वाटलं, आणि तसं वाटल्याची लगेच लाजही वाटली.

"म्हणजे इशारा खरा होता," मॅडम हळूच म्हणाल्या. "चुकून."

"हो, मॅडम."

"बोटी बंदच राहू द्या. आणि त्या चादरी पुन्हा बांधा." मग त्या ढगोबांना ओलांडून त्यांच्या बायकोकडे वळल्या. "तुमच्याकडे अजून आहेत?"

बायकोने मांडीवरच्या ओल्या चादरींकडे एकदा बघितलं आणि गठ्ठा भावाच्या हातात परत दिला.

"पांढऱ्या संपल्या," ती म्हणाली. "फुलाफुलांच्या चालतील?"