बोकारे हीटिंग निवडतो

दिवाळीच्या फराळाला आमच्याकडे आलेल्या शिरीष बोकारेनं आधी बूट काढले, मग देवापुढची पेटती उदबत्ती उचलली आणि ती घेऊन तो तडक खिडकीशी गेला. चौकटीच्या कडेकडेनं त्यानं ती सावकाश फिरवली. मग दुसरी खिडकी. मग मागचं दार. सांगलीहून आलेली माझी आई भारावून बघत होती. "इतक्या लांब येऊनही मुलगा किती धार्मिक राहिलाय रे!" ती माझ्या कानात म्हणाली.

तेवढ्यात दाराच्या खालच्या कोपऱ्याशी धूर एकदम आडवा झाला. बोकारे गुडघ्यांवर बसला आणि ओरडला, "सापडली! इथून थंडी घुसून राहिली नं भाऊ तुमच्या घरात!"

आईनं उरलेला फराळ त्याच्याकडे जरा संशयानंच बघत वाढला.

बोकारे आमच्याच ऑफिसात सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो. लोकांच्या कामातल्या फटी शोधण्याचा त्याला पगार मिळतो, बाकीच्या फटी तो हौसेनं शोधतो. मूळचा नागपूरचा. उन्हाळ्यात नळाच्या पाण्यानं हात भाजायचे, असं अभिमानानं सांगणारा. अमेरिकेत, बॉथेलच्या ओल्या, करड्या थंडीत येऊन त्याला घरातल्या उबेची अशी काही काळजी लागली, की कुणाच्याही घरी गेला तरी त्याचा पहिला प्रश्न ठरलेला, "गरमी जाऊन कुठं राहिली?"

मग त्यानं इथंच एक जागा घेतली आणि घर बांधायला काढलं. हातभर जाड भिंती, तीन-तीन काचांच्या खिडक्या, आणि फट म्हणून कुठं नाही. असं घर बांधून झाकत आणलं, की दारात एक मोठा पंखा बसवून आतली हवा ओढतात आणि कुठून गळतंय ते तपासतात. त्या तपासणीला बोकारेनं आम्हाला साखरपुड्याला बोलवावं तसं बोलावलं. घर पास झालं. त्यानं पेढे वाटले. त्याचा कॉन्ट्रॅक्टर ग्रेग पेढा चघळत म्हणाला, "या घराला आता हेअर ड्रायरसुद्धा पुरेल."

ग्रेग गमतीनं बोलला होता. बोकारेनं पुढचे कित्येक दिवस त्यावर विचार केला.

कारण घर ऊब धरून ठेवणार हे ठरलं, तरी ती थोडीशी ऊब आणायची कशातून, हे काही ठरेना. गॅसची भट्टी त्यानं पहिल्या झटक्यात बाद केली. "एवढ्याशा घराला भट्टी? कपभर चहासाठी कुणी लग्नाचा हंडा चढवते का?" मग फरशीखालून गरम पाणी फिरवायची टूम निघाली. ज्यांच्याकडे तशी फरशी होती, त्यांच्या घरी जाऊन हा मोजे काढून फिरून आला. आल्यावर म्हणाला, "नाही जमत. आपलं घर इतकं कमी गरमी मागते, की फरशी कधी तापणारच नाही. पाय थंडचे थंड." मग जमिनीत खोल नळ्या पुरून तिथली ऊब वर आणायची कल्पना आली. अंगणात कढीपत्ता कुठं लावायचा हे ठरवून बसलेल्या त्याच्या बायकोनं, वैशालीवहिनींनी, ती जागच्या जागी पुरली.

राहिला हीट पंप. बाहेर गारठा असताना बाहेरच्याच हवेतून ऊब आत कशी येते, हे समजावताना बोकारेला कमालीचा आनंद व्हायचा. तो पाहुण्यांना फ्रिजच्या तळाशी हात धरायला लावायचा. "लागली नं गरम हवा? आतली गरमी बाहेर फेकून राहिला तो. हीट पंप म्हणजे हेच, उलटं." आमच्याकडच्या अशा एका प्रात्यक्षिकात फ्रिजखाली मिक्सरचं हरवलेलं छोटं झाकण सापडलं, म्हणून माझी बायको नीता हीट पंपाच्या बाजूची झाली.

"आणि माणूस स्वतःच एक हीटर असते," बोकारे सांगायचा. "चार पाहुणे आले की मशीन बंद करा."

"म्हणजे मला थंडी वाजली की मी गावजेवण घालू का?" वहिनींनी विचारलं.

त्यांचा वैताग खोटा नव्हता. भाड्याच्या अपार्टमेंटची मुदत संपत आली होती. सामान अर्धं खोक्यांत. ग्रेग भिंती बंद करायला थांबला होता, कारण एकदा त्या बंद झाल्या की आत पाईप घालता येणार नव्हते. हीट पंप दोन प्रकारचे होते. एक सगळ्या घरात नळांडे, म्हणजे हवेचे जाड नळ, फिरवून हवा फेकणारा, दुसरा नुसता भिंतीवर बसणारा. विजेला दोन्ही सारखेच. ग्रेगनं पहिला सुचवला होता, सगळ्या खोल्या सारख्या गरम होतात म्हणून. वहिनींनाही तोच हवा होता, भिंतीवर खोकं दिसत नाही म्हणून. फक्त बोकारे हो म्हणत नव्हता, आणि का नाही ते सांगतही नव्हता.

"सोमवारी सांग. नाहीतर मी माझी माणसं दुसऱ्या कामावर नेतो," ग्रेगनं बजावलं.

शनिवारी बोकारे मला गाडीत घालून एका दुकानात घेऊन गेला. तिथं दोन्ही मशीनं भिंतीला लावून चालू करून दाखवत. दुकानातली बाई उत्साहानं माहिती सांगायला लागली. बोकारेनं तिला नम्रपणे थांबवलं, खिशातून एक चपटी डबी काढली आणि तिच्यातलं कानाचं मशीन आपल्या कानात बसवलं.

"तुला कमी ऐकू येतं?" मी चमकून विचारलं.

"आप्पांचं आहे," तो म्हणाला.

आप्पा म्हणजे त्याचे वडील. नागपूरला एकटेच असतात. मागच्या हिवाळ्यात ते इथं अपार्टमेंटवर येऊन राहिले होते, तेव्हा मीही त्यांना भेटलो होतो. अबोल वाटले होते.

"पूर्ण हिवाळा बोलले नाहीत ते," बोकारे म्हणाला. "आमची इरा काही सांगायला गेली की नुसते हसायचे. मला वाटलं, आई गेल्यामुळं असंल. वैशालीला वाटलं, इथं करमून नाही राहिलं. ते परत गेल्यावर हे ड्रॉवरमध्ये सापडलं. मी फोनवर विचारलं, आप्पा, मशीन काहून विसरले? तर म्हणाले, विसरलो नाही रे. तुझ्या घरी ते लावलं, की तो गरम हवेचा पंखाच तेवढा बोलते. बाकी कुणाचं काही ऐकूच येत नाही. म्हणून काढून ठेवलं. तुला सांगितलं असतं तर तू हीटर बंद केला असता, आणि पोरगी थंडीत कुडकुडली असती."



"तू त्या टोकाला जा," बोकारे म्हणाला. "हळू बोल. ओरडू नको. आप्पांशी बोलतो असं समज."

मी दुकानाच्या दुसऱ्या टोकाला गेलो. पहिलं, नळांड्यांचं मशीन सुरू होतं. "आप्पा, चहा घेणार का?" मी मराठीत म्हणालो.

"काय?" बोकारे म्हणाला.

पुन्हा विचारलं. पुन्हा "काय?" दुकानातली बाई आळीपाळीनं आम्हा दोघांकडे बघत होती. मग तिनं ते बंद केलं आणि भिंतीवरचं सुरू केलं. त्याच्यावर एक हिरवा दिवा लागला, म्हणून ते सुरू झालं हे कळलं.

"आप्पा, चहा घेणार का?"

बोकारे वळला. भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मग खाकरला आणि म्हणाला, "घेतो."

घरी जाऊन त्यानं वहिनींना सगळं सांगितलं. भिंतीवरच्या खोक्याबद्दल त्या पुन्हा अवाक्षर बोलल्या नाहीत. कुठल्या भिंतीवर लावायचं ते मात्र त्यांनीच ठरवलं.

जानेवारीत वास्तुशांत झाली. आप्पा आले होते. अमेरिकेतल्या उबेवर विश्वास नसल्यामुळं स्वेटर आणि कानटोपी घालून हॉलमधल्या सोफ्यावर बसले होते. थोड्या वेळानं त्यांनी कानटोपी काढली, कानातलं मशीन नीट बसवलं, मग स्वेटरची बटणं सोडली. बोकारे पाहुण्यांचा घोळका घेऊन भिंतीत काय-काय भरलंय ते समजावत होता. मी किचनमध्ये पाणी घ्यायला गेलो, तर त्याची मुलगी इरा मैत्रिणीला पुटपुटत होती, "माय डॅड इज सो वीअर्ड."

"लहानपणीही असाच होता, बेटा," हॉलमधून आवाज आला.

इरा जागच्या जागी थबकली. मग हॉलच्या दारात जाऊन म्हणाली, "आजोबा! यू हर्ड दॅट?"

"हो नं. तू इकडं ये. घरातला रेडिओ यानं कसा खोलला होता, ते सांगतो तुले."

ती जाऊन त्यांना चिकटून बसली. आप्पा सांगायला लागले, तिच्याशी बोलताना जपून, एकेक शब्द सुटा करून. ती मध्येच इंग्रजीत काही विचारायची, ते मराठीत उत्तर द्यायचे, आणि दोघं हसायचे.

भिंतीपाशी बोकारे अर्ध्या वाक्यात थांबला होता.

"मग पुढं काय भरलंय?" घोळक्यातून कुणीतरी विचारलं.

"चूप बसा नं जरा," बोकारे म्हणाला. "ते बोलून राहिले."