खैरनार आबांचं खोरं

आमच्या सोसायटीत नवीन बिऱ्हाड आलं, की कोणी दूधवाल्याचा नंबर देतं, कोणी मेन्टेनन्सची तारीख सांगतं आणि खैरनार आबा विचारतात, "तुमनं पानी कथा जास?"

पाणी कुठं जातं म्हटल्यावर नवा माणूस बिचारा बाथरूमकडं धावतो. त्याला वाटतं, खालच्या मजल्यावर गळती सुरू झाली. आबांना एवढंच हवं असतं, की तुमच्या गावात पडलेला पाऊस शेवटी कोणत्या नदीला मिळतो. ते मूळचे देवळ्याचे आणि पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले. माणूस ओळखायचा तो खोऱ्यावरून, असा त्यांचा हिशेब. नाव, आडनाव ते आठवड्यानं विचारतात, तेही आठवण राहिली तर.

मी निफाडचा. पहिल्याच भेटीत मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "गोदावरी."

"अस्सं. म्हणजे तुम्ही आंध्रातले," आबा म्हणाले आणि निघून गेले. तेव्हापासून आंध्रात वादळ आलं, की ते माझी बेल वाजवून विचारतात, "तिकडचे सगळे बरे ना?" पहिली दोन वर्षं मी भांडलो. आता "बरे आहेत" म्हणतो आणि दार लावतो.

दुसऱ्या मजल्यावरच्या काळ्यांची तर त्यांनी चेअरमनकी घालवली. काळे चांदवडचे. तिथल्या डोंगराच्या उत्तरेचं पाणी गिरणेला जातं, दक्षिणेचं गोदावरीला आणि काळ्यांचं घर नेमकं धारेवर. आबा भर मीटिंगमध्ये उठून म्हणाले, "ज्याच्या छपराचं एक पाखं गिरणेला अन् दुसरं गोदावरीला, तो माणूस कोणाचा धरायचा?" काळे पडले. त्यांना मत न देणाऱ्यांत मीही होतो, आणि का दिलं नाही हे मला अजून सांगता येत नाही.

पण आबांचा खरा राग पेठ तालुक्याच्या लोकांवर. जिल्ह्यात पाऊस धो धो पडतो तो तिथं, आणि ते सगळं पाणी डोंगर उतरून थेट गुजरातच्या समुद्रात. "वाया!" आबा म्हणतात. हा शब्द ते असा उच्चारतात, की ऐकणाऱ्याला आपणच नळ उघडा ठेवून आलोय असं वाटावं.

अशा माणसाच्या एकुलत्या एका मुलीनं, मनीषानं, पेठचा मुलगा पसंत केला. मनीषा तिथल्या सरकारी दवाखान्यात नर्स आहे, रोज एसटीनं जाते-येते. मुलगा, हिरामण, त्याच तालुक्यातल्या खेड्यात शाळामास्तर. आबांच्या बायकोला जाऊन बरीच वर्षं झाली, घरात हे दोघंच. सोसायटीत लगेच कुजबुज सुरू झाली, की आबा जातीवरून मोडता घालणार.

आबांनी मला जिन्यात अडवून खुलासा केला, "जातबीत आपण मानत नाही, भाऊ. खोरं मानतो."

हिरामण भेटायला आला, तेव्हा आबांनी मला साक्षीदार म्हणून बोलावलं. पोरगा शांत, इस्त्रीचा शर्ट घातलेला. आबांनी स्वतः रंगवलेला जिल्ह्याचा नकाशा त्याच्यापुढं पसरला. "बघा, तुमचं पाणी वाया. आमची गिरणा बघा. आधी चणकापूरचं धरण, मग कळवण-देवळ्याचा कांदा, मग मालेगावला प्यायला, पुढं खान्देशात कापूस."

हिरामणनं नकाशा नीट बघितला. मास्तरच तो. म्हणाला, "आबा, पण गिरणा तापीला मिळते अन् तापी सुरतेला. म्हणजे शेवटी तुमचं पाणीपण गुजरातच्याच समुद्रात जातं ना?"

मी पंख्याकडं बघत बसलो. आबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"जातं," ते म्हणाले. "पण कामं करत करत जातं."

एवढ्यावर बैठक संपली. त्या संध्याकाळी मनीषानं सरळ सांगितलं, "एकदा त्यांचं घर बघून या. मग नाही म्हणालात तर मी पुन्हा विषय काढणार नाही. पण दुसरीकडंही लग्न करणार नाही." ती बोलते ते करते, हे आबांना ठाऊक होतं. दोन दिवस ते जेवले नाहीत धड. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "भाऊ, गाडी काढा."

मे महिना होता. घाट उतरलो तसे डोंगर उघडे पडले आणि पेठच्या पुढं तर रस्त्याकडेच्या नाल्यांत नुसते दगड होते. आबा खिडकीतून बघत होते. तीस वर्षं त्यांनी या भागाचं पाणी कागदावर मोजलं, पण उन्हाळ्यात इकडं ते कधी आलेच नव्हते. पाऊस मोजणारा माणूस पावसाळ्यातच येणार.

हिरामणची आई डोक्यावर दोन हंडे घेऊन चढण चढत होती. अंगणात आली, हंडे उतरवले आणि त्याच पाण्याचा तांब्या भरून आबांपुढं धरला.

"कुठून आणलं?" आबांनी विचारलं.

"खाली झिरा हाय. रातीपासून नंबर लावायचा, वाटीवाटीनं भरायचं."

"अन् पाऊस?"

"लय. चार महिने लाकूड वाळत नाय घरात. पण पडतं अन् जातं. आमचं काय राहतं?"

आबा तांब्याकडं बघत राहिले. "आम्ही कागदावर तुमच्याकडं जादा पाणी लिहायचो," ते हळूच म्हणाले.

"लिवा की," बाई हसून म्हणाली. "आधी प्या तर."

आबांनी तो तांब्या थेंबही न सांडता संपवला. नंतर नागलीची भाकरी खाल्ली, कुडाला टेकून बसले आणि एकदम म्हणाले, "माझी एक अट शे."

शेजारी बसलेल्या हिरामणच्या वडिलांचं तोंड उतरलं. मीही घाबरलो, म्हटलं आता काय मागतात हे.

"मार्च ते मे पोरगी माझ्याकडं राहील. इथं पाण्याचे हाल. जावईबापूंनी सुट्टीत यावं."

"न्या की," आई म्हणाली. "अन् पावसाळ्यात तुमी इकडं या. भाताच्या आवणीला माणूस लागतंच."

होकार झाला. गूळ वाटला. हिरामण पाया पडला, तेव्हा आबांनी त्याला उठवून खांद्याला धरलं आणि बराच वेळ सोडलंच नाही.

परतताना आम्ही घाट चढून आलो. मी आपला थट्टेच्या सुरात म्हटलं, "काय आबा, भलतेच हुशार निघालात! मार्च ते मे ती तुमच्याकडं, जून ते सप्टेंबर तुम्ही तिच्याकडं."

"ऑक्टोबर ते फेब्रुवारी राहतात, भाऊ," आबा म्हणाले. "मघापासून डोकं चालवतोय. त्या पाच महिन्यांचं काही निमित्त सापडत नाही."

मी गाडी कडेला घेतली.

"मनीषा दवाखान्यातून आली, की मी भात टाकतो. दोघांचा. एकट्याचा किती टाकायचा, माले माहीतच नही." त्यांनी खिशातून रुमाल काढला. "पोरगी जायला नको वाटते, भाऊ. बाकी काही नाही."

"ते पाच महिने आमच्याकडं जेवायला या," मी म्हणालो.

आबांनी माझ्याकडं बघितलं. "रोज?"

"रोज."

"वहिनींना विचारा आधी," ते म्हणाले आणि रुमालात तोंड घालून रडू लागले.