आलोच

सुट्टीच्या दुपारी हेडक्लार्कांचा खेळ पुन्हा त्याच दारात अडकला. कॉम्प्युटरच्या पडद्यावर एक माणूस कंदील घेऊन ओसाड घरात हिंडत होता. दाराशी आला की त्याचा पाय हवेतच थांबायचा, आणि मग तो एकदम चार पावलं पुढे दिसायचा. खेळ सवलतीत मिळाला होता. स्वस्तातल्या वस्तूला खोड असायचीच, पण ती काढल्याशिवाय गप्प बसतील तर ते हेडक्लार्क कसले!

आतल्या खोलीत त्यांची बायको मशिनवर पडदे शिवत होती. "अहो, कापड लांब आहे. एक टोक धरा जरा."

"आलोच," हेडक्लार्क म्हणाले. लग्न झाल्यापासून ते हेच म्हणत आले होते. शब्द यायचा, ते यायचे नाहीत.

"आज ऊन उतरायच्या आत उठला नाहीत ना, तर मी भावाकडे निघून जाईन. बॅग भरून ठेवलीय."

आवाजात राग नव्हता, म्हणूनच हेडक्लार्कांना ते खरं वाटलं. ती नसली तर हे घर खायला उठेल, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तरीही एवढं एक दार ओलांडून मग उठू, असं त्यांनी ठरवलं आणि त्याच भावाला फोन लावला. मेहुण्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं.

"भाऊजी, आधी सावल्या कमी करा," मेहुणा म्हणाला. "सावल्या रंगवता रंगवताच कॉम्प्युटरचा जीव जातो."

हेडक्लार्कांनी सेटिंगमध्ये जाऊन सावल्या कमी केल्या. कंदीलवाला जरा बरा चालू लागला. ते खुशीत मागे रेलले, आणि त्यांची नजर भिंतीवर गेली. तिथे खुर्चीची सावली होती. खुर्चीत बसलेल्याची नव्हती.

त्यांनी हात हलवून पाहिला. भिंतीवर काही हललं नाही. ढग आला असेल, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. खुर्ची सोडून फक्त माणसावर येणारा ढग त्यांनी कधी पाहिला नव्हता, पण मुळात कचेरीबाहेरचं त्यांनी पाहिलं होतं तरी काय?

बायकोने आत्ताच ठेवलेला चहा त्यांनी उचलला. तो थंडगार होता, वर जाड साय धरलेली. खिडकीतलं ऊन कपाटावर जाऊन बसलं होतं, आणि मधल्या भिंतीवरून ते कधी सरकलं, हे त्यांना दिसलंच नव्हतं.

"अहो, मी..." आतून आवाज आला, आणि लगेच दुसऱ्याच सुरात, "...किती वेळा हाका मारू?"

"आलोच!" म्हणून हेडक्लार्कांनी घाईघाईने मेहुण्याला पुन्हा फोन लावला. "अरे, खेळ सुधारतोय, पण आमचं घर अडकायला लागलंय."

"घर?"

"हो ना! तुझी बहीण वाक्याचं मधलं गाळून एकदम शेवटाला येते. चहा बघता बघता गार होतो."

मेहुणा जपून म्हणाला, "भाऊजी, जो अडकतो ना, त्याला ते कळत नाही. त्याला वाटतं, बाकीचेच उड्या मारताहेत."

"म्हणजे काय?"

"काही नाही. तुम्ही खेळाने साठवलेलं जुनं पुसून टाका. तेच तेच वापरून ते खराब होतं. पुसलं की एकदा अडखळेल, मग सुरळीत चालेल. मी तोवर ताईला फोन करतो."

हेडक्लार्कांनी जुनं सगळं पुसलं. खेळातलं दार लोण्यासारखं उघडलं. आत एक लहानशी खोली होती. एक माणूस पाठमोरा खुर्चीत बसला होता, समोर उजळलेला पडदा, बाजूला साय धरलेला चहा. कंदीलवाला हळूहळू त्याच्या मागे जाऊन उभा राहिला, आणि हेडक्लार्कांच्या मानेला मागून ऊब लागली.

मागे वळून न बघता त्यांनी धूम ठोकली. आतल्या खोलीच्या उंबऱ्यात पाय क्षणभर हवेत राहिला, मग पडला. बायको एका हातात बॅग घेऊन, कानाला फोन लावून उभी होती. खिडकीच्या चौकटीवर उन्हाची शेवटची पट्टी होती.

"दे! ते टोक दे इकडे!" त्यांनी पडदा दोन्ही हातांनी धरला.

तिने त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि बॅग खाली ठेवली. "उठले रे," ती फोनवर म्हणाली. "हो, तू सांगितलंस तसंच त्यांचं जुनं पुसलं. दारात जरा अडखळले, पण आले."

"काय पुसलंस तू?"

"टोक सैल सोडू नका."

फरशीवर तिच्या सावलीशेजारी आपली सावली बघून हेडक्लार्कांचा जीव भांड्यात पडला. दोघांनी मिळून पडदा ताणला, मापला, घडी घातली. इतकं साधं काम, पण त्यांना मनापासून बरं वाटलं. बायको हसलीसुद्धा.

तेवढ्यात दाराची बेल वाजली.

"बघा हो जरा, कोण आलंय."

हेडक्लार्कांनी सवयीने तोंड उघडलं. पण शब्द काही केल्या आठवेना. पाय मात्र निघाले होते. ते आतल्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत पोचतात न पोचतात, तोच बाहेरच्या खोलीतून, रिकाम्या खुर्चीतून, त्यांच्याच आवाजात उत्तर आलं.

"आलोच."

हेडक्लार्क जागच्या जागी थिजले. बायकोने दाताने दोरा तोडला.

"तिकडे लक्ष देऊ नका," ती म्हणाली. "पुसलेलं जुनं थोडे दिवस घरात राहतंच म्हणे. तुम्ही दार उघडा."